वेण्णा लेकवर पॅडल बोट घ्यायची, तर आधी वारा बघा

साताऱ्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. हिवाळ्यात पाहुणे आले की महाबळेश्वर ठरलेलं, आणि महाबळेश्वर म्हटलं की वेण्णा लेकवरचं बोटिंगही ठरलेलं. बहुतेक जण तिकीट काढतात, समोर येईल त्या बोटीत बसतात, पाच मिनिटं जीव तोडून पायडल मारतात आणि दमतात. उरलेला वेळ जेटीकडं परत येण्याच्या खटपटीत जातो आणि तळं बघायचं राहूनच जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पॅडल बोट नीट चालवली तर या तळ्यावर तिच्यासारखं दुसरं साधन नाही. आपल्याला हवं तिथं जाता येतं, हवं तिथं थांबता येतं, इंजिनाचा आवाज नसतो. म्हणून आमच्या पाहुण्यांना जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितो.

जायचं कधी, हे आधी. साताऱ्याहून मेढा आणि केळघर घाटानं महाबळेश्वर साधारण ५५ किलोमीटर आहे. पुण्याकडून येणारे वाई, पसरणी घाट, पाचगणी असे येतात. तळं पाचगणी रस्त्याला अगदी लागून आहे, बाजारपेठेपासून दोनेक किलोमीटरवर. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार या दिवशी दुपारनंतर तळ्यासमोरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि तिथं जो वेळ जातो तो बोटीतला वेळ खातो. म्हणून साताऱ्याहून पहाटे निघा. पोरांना घाट लागत असेल तर निघताना पोटभर खायला घालू नका. तिकीट खिडकी उघडते त्या सुमाराला तळ्यावर पोचलात तर गर्दी नसते आणि वाराही बहुधा पडलेला असतो. पावसाळ्यात बोटिंग बंद असतं. जोराच्या पावसात तळं भरून वाहतं आणि पाणी समोरच्या रस्त्यावरही येतं, त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये बोटीचा बेत आखूच नका.

डिसेंबर-जानेवारीत येणार असाल तर एक गोष्ट नक्की ध्यानात ठेवा. "वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले" ही बातमी तुम्ही वाचली असेल. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा नसला की थंड हवा जड होऊन तळ्याच्या खोलगट भागात साचते. त्यामुळं बाजारपेठेत नुसती थंडी असते तेव्हा इथं जेटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर आणि गवतावर बर्फाचा पांढरा थर दिसतो. बघायला सुंदर, पण पाय ठेवायला वाईट. अशा सकाळी जेटीवर चपलेनं चालू नका, खाली पकड असलेले बूट घाला. ऊन फळ्यांवर येईपर्यंत पोरांचा हात सोडू नका. म्हाताऱ्या माणसांना तर फळ्या कोरड्या होईपर्यंत टपरीवर चहा पाजून बसवा. तासाभरानं बोट घेतली म्हणून काही बिघडत नाही.

बोटिंग महाबळेश्वर पालिकेच्या बोट क्लबकडं आहे. दराचा फलक खिडकीजवळ असतो. दर बदलत राहतात, म्हणून आकडा लिहीत नाही. पैसे देण्याआधी खिडकीवर तीन गोष्टी विचारून घ्या: दर बोटीचा आहे की माणशी, वेळ किती मिळणार आणि तो केव्हापासून मोजणार, आणि यायला उशीर झाला तर जादा काय पडेल. पोरांसमोर जेटीवर हुज्जत घालण्यापेक्षा हे आधी विचारलेलं बरं. तिकिटाची पावती खिशात ठेवा, पर्समध्ये नको. पर्स शक्यतो गाडीतच ठेवा.

आता बोट निवडण्याचं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझ्या हातातलं काम आहे.

पॅडल बोटीत दोन सीटांच्या पुढं आडवा दांडा असतो, त्याला दोघांची पायडलं बसवलेली असतात. हा दांडा फिरला की बोटीखालचं पात्यांचं चाक फिरतं आणि पाणी मागं ढकलतं. काही बोटींत चाकाऐवजी पंखा असतो. सायकलला फ्रीव्हील असतं, पाय थांबवले तरी चाक पळत राहतं. बोटीत बहुधा फ्रीव्हील नसतं, गिअर नसतो आणि ब्रेक तर नसतोच. तुमचे पाय थांबले की चाक थांबलं, पाय उलटे फिरले की बोट मागं. दोघांची पायडलं एकाच दांड्यावर असली तर एकानं पाय थांबवले तरी दुसऱ्याच्या जोरानं त्याची पायडलं फिरतच राहतात. दमलेल्या माणसानं पाय नुसते पुढं टाकून बसायचं म्हटलं तर फिरतं पायडल थेट नडगीवर बसतं. दमलात तर पाय पूर्ण वर उचलून बाजूला घ्या, किंवा जोडीदाराला सांगून दोघंही थांबा.

याच दांड्यामुळं बायकांना एक कळकळीची सूचना. ओढणी बांधून घ्या, साडीचा घोळ आणि पदर नीट खोचून घ्या. बुटाच्या नाड्याही आत खुपसा. फिरत्या दांड्यात कापड गुंतलं की ते ओढत जातं आणि बोटीत उलगडायला जागा नसते. कधी गुंतलंच तर आधी दोघांनी पाय काढा, मग हातानं पायडल उलटं फिरवून कापड सोडवा. जोरानं ओढू नका.

बोटीत चढण्याआधी जेटीवरूनच तिच्याकडं नीट बघा. रिकामी बोट पाण्यावर सपाट बसली पाहिजे. ती रिकामी असतानाच एका अंगाला कललेली असेल तर पोकळ भागात पाणी शिरलेलं असण्याची शक्यता आहे. आत पायाशी थोडं पाणी असणं चालतं, आधीच्या माणसांच्या पायाचं आणि चाकाच्या शिंतोड्यांचं ते असतं. पण घोट्याला लागेल इतकं असेल तर ती बोट नको. मग आत बसल्यावर, दोरी सुटण्याआधी, पायडलं सावकाश पूर्ण एक फेरा फिरवून बघा. एका ठिकाणी अडकत असतील, कडकड आवाज येत असेल किंवा पायडल डावीकडं-उजवीकडं डुगडुगत असेल तर बेअरिंग किंवा पिन गेलेली आहे. अशी बोट तळ्याच्या मध्यावर गेल्यावर जास्तच कुरकुरते. शेवटी वळवायचा दांडा दोन्ही बाजूंना पूर्ण जातोय का ते बघा. काही खटकलं तर तिथल्या तिथं म्हणा, "दादा, हिचं पायडल अडकतंय, दुसरी द्या की." लाजायचं काही कारण नाही. एकदा जेटी सोडली की मग तीच बोट तुमची.

दोन सीटांची घ्यायची की चार? चार सीटांच्या बोटीत पायडल पुढच्या दोघांनीच मारायचं असतं, मागचे नुसते बसतात. नवरा-बायको पुढं आणि पोरं मागं, हे चांगलं जमतं. चार धडधाकट माणसं बसली तर मात्र पुढच्या दोघांचे हाल होतात, त्यापेक्षा दोघा-दोघांच्या दोन बोटी घ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायडलच्या सीटवर बसू नये. सीट खाली असते, मागंपुढं सरकत नाही आणि गुडघा फार दुमडतो. माझ्या आईला आम्ही नेहमी वल्ह्याच्या बोटीत बसवतो. नावाडी असतो, ती निवांत तळं बघते, आणि आम्ही आमच्या बोटीतून तिच्या बाजूनं जातो.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं. पोहता येणाऱ्यांनीही. नुसतं अंगावर टाकून उपयोग नाही, सगळे बकल लावून पट्टे ओढून घ्या. पोरांचं जॅकेट तपासायची साधी रीत आहे: जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. ते हनुवटीच्या वर, कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, पाण्यात पोर त्यातून खाली निसटेल. लहान मापाचं मागून घ्या. हिवाळ्यात तळ्याचं पाणी इतकं गार असतं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पहिला श्वास अडकतो, म्हणून "मला कृष्णेत पोहायची सवय आहे" ही सबब इथं चालत नाही. आमचे सांगलीचे साडू दर वेळी हेच म्हणतात, आणि दर वेळी आम्ही त्यांना जॅकेट घालायला लावतो.

चढताना एका वेळी एकच माणूस. पाय बोटीच्या काठावर न ठेवता मधोमध तळावर ठेवायचा, वाकूनच बसायचं, आणि पहिला पूर्ण बसल्याशिवाय दुसऱ्यानं पाय उचलायचा नाही. वजनदार माणसं एकाच बाजूला बसवू नका, नाहीतर बोट कलते आणि सारखी एकीकडं वळत राहते. मध्ये जागा बदलायची नाही, फोटोसाठी उभं राहायचं नाही. मोबाइलला गळ्यातली दोरी असेल तरच तो बाहेर काढा.

आता मुख्य गोष्ट, वारा.

पॅडल बोट हलकी असते. पाण्याखाली तिचा भाग थोडाच असतो, वर मात्र सीट, माणसं, कधी छप्पर, कधी हंसाची उंच मान. त्यामुळं वारा तिला सहज ढकलतो. जेटीवरून निघताना वारा पाठीमागून असेल तर बोट छान पळते, पोरं खूश होतात, आणि दहा मिनिटांत तुम्ही तळ्याच्या पलीकडं. परतायचं म्हटलं की तोच वारा तोंडावर येतो, पाय आधीच दमलेले असतात आणि वेळही संपत आलेली असते. जेटीवर उशिराचे जादा पैसे मोजणारी माणसं बघा, बहुतेकांची गोष्ट हीच असते.

म्हणून निघण्याआधी दोन मिनिटं जेटीवर उभं राहून पाणी बघा. बारीक लाटा कुठून कुठं सरकतायत, काठावरच्या झाडांच्या फांद्या कुठं झुकतायत, नावाडी आपल्या नावा कोणत्या काठानं नेतायत. नावाड्याला विचारलं तर तो नक्की सांगतो, त्याला तळ्याचा रोजचा अनुभव असतो. मग जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना त्याच्यासोबत यायचं. ताज्या पायांनी अवघड काम आधी. समोरून वारा फारच असेल तर नाक सरळ त्याच्यावर न धरता जरा तिरकं जा, किंवा ज्या काठावर झाडांचा आडोसा आहे त्या काठानं सरका. या तळ्याभोवती सदाहरित झाडी दाट आहे, जांभूळ, पिसा अशी. तिच्या आडोशाला पाणी चटकन शांत होतं.

वेळेचं गणित असं धरा. तिकीट अर्ध्या तासाचं असेल तर पंधराव्या मिनिटाला, जिथं असाल तिथून, वळायचं. वाऱ्याविरुद्ध गेला असाल तर परतीला कमी वेळ लागतो, मग तो उरलेला वेळ मधोमध पायडल सोडून बसण्यात घालवा. तळं बघायचं ते तेव्हा. पण वारा बोटीला कुठं नेतोय यावर डोळा असू द्या.

पायडल सावकाश मारा. जोरात मारलं की पात्यांच्या चाकाला पाणी कमी आणि फेसच जास्त मिळतो. आवाज वाढतो, वेग फारसा वाढत नाही. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या मानानं कितीतरी पटीनं वाढतो, म्हणून थोडं आणखी पळायला खूप जास्त ताकद जाते. माणूस रमतगमत चालतो त्या वेगानं बोट गेली की झालं. पायाचा चवडा पायडलवर, गुडघे बाहेर न फाकता सरळ, आणि दोघांची लय एक. पोरांना शर्यत लावायची असते. लावू द्या, पण जेटीपासून लांब आणि इतर बोटी नसतील तिथं.

वळवायचा दांडा दोन सीटांच्या मध्ये असतो. तो मागच्या सुकाणूला जोडलेला असतो, आणि बोट चालत असेल तरच सुकाणूचा उपयोग होतो. उभ्या बोटीत दांडा कितीही फिरवा, ती वळणार नाही. दांडा उजवीकडं नेला की बोट कुठं वळते हे प्रत्येक बोटीत जोडणीनुसार वेगळं असू शकतं, म्हणून जेटीपासून थोडं लांब गेल्याबरोबर एकदा इकडं आणि एकदा तिकडं करून बघा. बोट वळायला वेळ घेते आणि एकदा वळायला लागली की थांबायलाही वेळ घेते. हव्या दिशेला नाक येण्याच्या जरा आधीच दांडा मधोमध आणा. पहिल्यांदा चालवणारे सगळे इथंच फसतात, नाक पुढं गेल्यावर दांडा सोडतात, मग उलटा ओढतात, आणि बोट नागमोडी जाते. दांडा एकाच माणसाच्या हातात द्या.

वल्ह्याच्या नावेला नेहमी वाट द्या. वल्हं मारणाऱ्याची पाठ पुढं असते, त्याला तुम्ही दिसत नाही. तुम्हाला तो दिसतो, तेव्हा बाजूला व्हायचं ते तुम्हीच.

काठाच्या फार जवळ जाऊ नका. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठाला चिखल उघडा पडतो आणि गवत-वेली चाकात अडकतात. बोट रुतलीच तर खाली उतरून ढकलायचा विचारही करू नका, चिखल किती खोल आहे हे वरून कळत नाही. आधी पायडल उलटी मारून बघा. नाही निघाली तर बसून राहा, हात वर करून जेटीकडं खूण करा, जवळच्या नावाड्याला हाक मारा. तिथली माणसं येऊन बोट ओढून नेतात.

तळ्याच्या मधोमध थांबाल तेव्हा पोरांना हे जरूर सांगा. हे तळं निसर्गानं केलेलं नाही. साताऱ्याचे राजे अप्पासाहेब महाराज, म्हणजे प्रतापसिंह महाराजांचे धाकटे भाऊ शहाजीराजे, यांनी १८४२ मध्ये ते बांधवलं. क्षेत्र सुमारे २८ एकर. त्याआधी १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी महाबळेश्वरचा भाग घेतला होता आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं होतं. पुढं १८४८ मध्ये अप्पासाहेब महाराज गेले आणि इंग्रजांनी साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. राज्य गेलं, तळं राहिलं, आणि आजही ते नुसतं शोभेचं नाही. महाबळेश्वर आणि पाचगणीला पिण्याचं पाणी इथून जातं. म्हणजे तुमची बोट लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर चालते आहे.

एवढ्यासाठी बोटीत खाणं नेऊ नका. मक्याचं कणीस, गाजर, स्ट्रॉबेरी, सगळं काठावर खा आणि कागद, काड्या, साली काठावरच कचराकुंडीत टाका. वेफरची रिकामी पिशवी मांडीवर ठेवली तर वाऱ्यानं उडते आणि मग ती पाण्यातून काढायला कुणी वाकलं की बोट कलते. पाण्यात थुंकणं, चूळ भरणं हेही नको. हे पाणी पुढं वेण्णा नदीनं कण्हेर धरणात येतं, संगम माहुलीला कृष्णेला मिळतं आणि कराडवरून सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जातं. साडूंना मी हे सांगितलं तेव्हापासून बोटीतल्या पोरांवर सगळ्यात कडक नजर त्यांचीच असते.

परत येताना जेटीवर घाई करू नका. ब्रेक नाही हे आठवा. जेटी दोन-तीन बोटींच्या लांबीवर आली की पाय थांबवा, मग सावकाश उलटं पायडल मारून वेग मोडा. जेटीला हातानं किंवा पायानं अडवायला जाऊ नका, भरलेल्या बोटीचं वजन मनगटाला पेलत नाही. बोटं आतच ठेवा, विशेषतः पोरांची, कारण बोट आणि फळी यांच्यामध्येच ती चिरडतात. माणूस दोरी धरेल, "उतरा" म्हणेल, मगच उठायचं, आणि एकेकानं. जॅकेट काढून जागेवर ठेवा, ओलं असेल तर तसं सांगा, म्हणजे पुढच्याला गार पडणार नाही.

एवढं झाल्यावर पोरांना आणखी मोठं पाणी बघायचं असेल तर तापोळ्याला जा. तिथं कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे, पण तो पॅडल बोटीसारखा रमतगमत फिरण्याचा नव्हे. पाणी खोल आणि पसरलेलं, अंतरं लांब. तिथं इंजिनाची लाँच घ्यायची, जॅकेट मागून घ्यायचं, आणि किती ठिकाणं दाखवणार व किती वेळात परत आणणार हे आधी ठरवून घ्यायचं. महाबळेश्वरहून तापोळ्याचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, तेव्हा दुपारच्या आत खाली उतरा आणि उजेड असतानाच घाट चढून वर या.